बालवीरांची पदके आणि वडीलधाऱ्यांचे ऋण

लहान मुलाच्या हातून घडलेल्या थोर कृत्याची कथा आपल्या समाजास नित्य प्रिय वाटत आली आहे. कीर्तनकाराने ध्रुवाचे आख्यान लावले की देवळाच्या सभामंडपात बसलेल्या आज्यांचे डोळे पाणावतात. प्रल्हादाचे लावले की पोरेबाळे स्तब्ध होतात. आणि चिलया बाळाचे लावले तर मातांना ते ऐकवत नाही, पण उठून जाववतही नाही. तथापि या आख्यानांचा बारकाईने विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. ध्रुव अढळ पदासाठी तप करतो, प्रल्हाद आपल्या निष्ठेसाठी छळ सोसतो, नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहून आत्मज्ञान मिळवितो. दुसऱ्याचा प्राण संकटात पाहून बालकाने त्या संकटात उडी घेतली, असा प्रसंग शोधू गेल्यास भागवताच्या दशम स्कंधाकडे वळावे लागते. तेथे वणव्याने वेढलेल्या गोपांना बाळकृष्ण डोळे मिटून घ्यावयास सांगतो आणि तो अग्नी स्वतः पिऊन टाकतो. पण तो प्रत्यक्ष परमेश्वर! ज्याच्या पाठीशी ना वर, ना अवतारकार्य, अशा मानवी बालकाने दुसऱ्यासाठी आगीत वा पाण्यात शिरावे आणि राष्ट्राने त्याची दखल घेऊन त्याच्या छातीवर पदक लावावे, ही कल्पना मात्र अर्वाचीन आहे. तिचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. कारण त्या इतिहासातून मुलांच्या शौर्याविषयी जितके कळते, तितकेच मोठ्यांच्या कर्तव्याविषयीही कळते.

रामलीला मैदानावरील ती रात्र

भारतात या प्रथेचा उगम एका धार्मिक उत्सवाच्या मंडपात झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९५७ सालच्या नवरात्राचे ते दिवस होते. २ ऑक्टोबर रोजी, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवशी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर प्रेक्षकांची दाटी झाली होती आणि खुद्द पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू खेळ पाहण्यास उपस्थित होते. अशा समयी शामियान्यातील विजेच्या तारांत बिघाड होऊन ठिणगी उडाली व कापडाने पेट घेतला. कापडी मंडपास लागलेली आग किती वेगाने पसरते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्यास अधिक सांगावयास नको. वरून जळते कापड, खाली एकमेकांस लोटणारी माणसे आणि बाहेर पडण्यास वाट नाही, अशी ती अवस्था असते.

तेथे सेवेसाठी उभ्या असलेल्या स्काउट पथकात हरिश्चंद्र मेहरा नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. स्काउटास आपल्याकडे पूर्वी ‘बालवीर’ म्हणत. त्या रात्री हा शब्द अक्षरशः खरा ठरला. त्या मुलाने कमरेचा चाकू काढला, तो वर चढला आणि जळते कापड त्याने कापून वेगळे केले. त्यामुळे आग पुढे सरकण्याचे थांबले व शेकडो माणसांस बाहेर पडण्याची वाट मिळाली. मुलाचे हात भाजले. त्याचे शस्त्र पाहावे तर स्काउटच्या गणवेशाबरोबर येणारा साधा चाकू, आणि त्याची विद्या म्हणजे गाठी मारणे, दोर कापणे, खांबावर चढणे एवढीच. परंतु ज्या क्षणी ती विद्या हवी होती त्या क्षणी ती त्याच्या हाती होती, आणि शेकडो मोठ्या माणसांच्या हाती ती नव्हती.

नेहरूंच्या मनावर या प्रसंगाचा खोल परिणाम झाला. अशा मुलांचा राष्ट्राने प्रकट गौरव करावा अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय बालकल्याण परिषदेने ते कार्य अंगावर घेतले आणि ४ फेब्रुवारी १९५८ रोजी नेहरूंच्या हस्ते हरिश्चंद्र मेहरा व आणखी एक बालक यांस पहिले राष्ट्रीय शौर्य पुरस्कार देण्यात आले. गोवा त्या वेळी परक्या सत्तेखाली होता. १९ डिसेंबर १९६१ नंतरच गोमंतकीय मुलांस या मानाची दारे खुली झाली, हेही येथे नमूद करून ठेवावेसे वाटते.

कायद्याची दृष्टी

आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे एक प्रश्न आम्हांस सहजच सुचतो: कायद्याच्या दृष्टीने त्या मुलावर काही बंधन होते काय? उत्तर असे, की मुळीच नव्हते. भारतीय दंडविधानाचा मसुदा १८३७ साली तयार करताना मेकॉले याने त्यास जोडलेल्या टीपेत याच विषयाचा ऊहापोह केला आहे. त्याने नदीचे उदाहरण घेतले. नदीस पूर आला आहे, ती ओलांडणे प्राणघातक आहे, हे एकास ठाऊक आहे. दुसरा वाटसरू पाण्यात उतरू पाहतो आणि पहिला मुकाट्याने पाहत राहतो. आता तो पाहणारा जर वाटसरूंस सावध करण्यासाठी सरकारने नेमलेला शिपाई असेल, किंवा पैसे घेऊन वाट दाखविण्याचे कबूल केलेला वाटाड्या असेल, तर त्याचे मौन हा खून होऊ शकतो. पण तो कोणीही परका मनुष्य असेल आणि वाटसरूचा त्याच्यावर माणुसकीवाचून दुसरा कोणताही हक्क नसेल, तर दंडविधान त्यास हात लावणार नाही. माणुसकी नसणे निंद्य खरे, पण तो अपराध नव्हे, असे हे तत्त्व आहे.

हे तत्त्व कठोर वाटेल. आणि सर्व देशांनी ते मान्यही केलेले नाही. फ्रान्स व जर्मनी या देशांच्या दंडसंहितांत, तसेच ज्यांची राजवट गोव्यावर साडेचारशे वर्षे होती त्या पोर्तुगालच्या आजच्या दंडसंहितेतही, संकटात सापडलेल्या माणसास साह्य न करणे हा अपराध मानला आहे. आपल्याकडे मात्र मेकॉलेचा विचारच टिकून राहिला. १८६० चे दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तरी या बाबतीत पाया बदललेला नाही. एवढे झाले, की साह्यास धावणाऱ्यास निदान पोलीस-कचेरीचे हेलपाटे पडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांस मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार-वाहन कायद्यात अशा परोपकारी माणसास संरक्षण देणारे कलम घालण्यात आले. म्हणजे साह्य करा असे कायदा अजूनही म्हणत नाही. केल्यास तुम्हांस त्रास देणार नाही, इतकेच तो म्हणतो.

याला दुसरी एक बाजू आहे, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. कायद्याच्या मराठी परिभाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीस ‘अज्ञान’ म्हणतात. या अज्ञानाने लिहून दिलेले गहाणखत कवडीमोलाचे ठरते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबिबी विरुद्ध धर्मदास घोष या दाव्यात कायमचे सांगून टाकले. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध होत नाही. सात ते बारा या वयात त्यास परिणामाची जाण किती होती हे पाहावे लागते. अज्ञानास मतदान नाही, स्वतःची मिळकत विकता येत नाही, मोटार चालविता येत नाही. अशा रीतीने ज्याची संमती आम्ही कागदावरसुद्धा ग्राह्य धरीत नाही, तेच मूल नदीच्या काठावर एका क्षणात आपल्या प्राणाचा सौदा करते आणि आम्ही त्यास पदक देतो! यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. व्यवहारात मुलास फसविणारे पुष्कळ असतात, म्हणून कायदा त्याच्यापुढे ढाल धरतो. परंतु दया आणि धैर्य यांना वयाची अट नसते, हे कायद्याने कोठेही नाकारलेले नाही. मात्र एक निष्कर्ष यातून निघतो: ज्यास कायदा रक्षणीय मानतो त्याने दुसऱ्याचे रक्षण केले असेल, तर ज्यांनी त्याचे रक्षण करावयाचे होते ते त्या वेळी कोठे होते, हा प्रश्न विचारण्याचा हक्कही आपणांस आहे.

परदेशांतील पूर्वपीठिका

प्राणरक्षणासाठी पदक देण्याची प्रथा सुमारे अडीचशे वर्षांची आहे. १७७४ साली लंडनमध्ये विल्यम हॉज व टॉमस कोगन या दोन वैद्यांनी बुडालेल्या माणसांस पुन्हा शुद्धीवर आणण्याच्या उपायांचा प्रसार व्हावा म्हणून एक संस्था काढली. तीच पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. पाण्यातून काढलेला मनुष्य मेलाच असे समजून लोक त्यास टाकून देत. तसे करू नये, प्रयत्न करावा, आणि जो प्रयत्न करील त्यास बक्षीस मिळावे, असा त्या वैद्यांचा हेतू होता. म्हणजे पदकाच्या पाठीमागे प्रथमपासून शिक्षणाचा हेतू आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १८६६ साली राणी व्हिक्टोरियाच्या दिवंगत पतीच्या नावे ‘अल्बर्ट पदक’ निघाले. ते प्रथम समुद्रावरील प्राणरक्षणासाठी होते. नंतर जमिनीवरील कृत्यांसही देऊ लागले.

या अल्बर्ट पदकाचे सर्वांत अल्पवयीन मानकरी कॅनडाचे होते. १९१६ च्या सप्टेंबरात व्हँकुव्हर बेटावर डोरीन ॲशबर्नहॅम ही अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा आठ वर्षांचा मावसभाऊ अँथनी फेरर हे आपले तट्टू आणावयास रानात निघाले असता एका प्यूमाने, म्हणजे तिकडील मोठ्या रानमांजराने, मुलीवर झडप घातली. आठ वर्षांचा अँथनी पळाला नाही. तो त्या जनावराशी झुंजला. जनावर त्याच्यावर उलटले तेव्हा मुलगी उठली आणि तिने त्याच्या जबड्यात स्वतःचा हात घालून भावास वाचविले. दोघेही जगली. येथे वाचविणारा कोण आणि वाचलेला कोण, हे ठरविणे कठीण आहे. म्हणून पदक दोघांनाही मिळाले.

अमेरिकेत या विचारास निराळे वळण लागले. २५ जानेवारी १९०४ रोजी पेनसिल्व्हेनियातील हारविक येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन १७९ माणसे मेली, आणि त्यांना काढावयास आत उतरलेले दोघेही परत आले नाहीत. अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीने त्याच वर्षी ५० लक्ष डॉलरचा निधी स्थापन केला. त्या निधीतून पदक तर मिळतेच, परंतु परोपकारात जखमी झालेल्यास, अथवा तो मेल्यास त्याच्या कुटुंबास निर्वाहाचे साह्यही मिळते. नुसत्या सन्मानाने विधवेची चूल पेटत नाही, हे त्या व्यवहारी माणसाने ओळखले होते.

आपल्याकडील विस्तार

भारतात १९५८ नंतर या पुरस्कारांना हळूहळू निश्चित रूप आले. वय सहा वर्षांहून अधिक आणि अठराहून कमी असावे, कृत्य १ जुलै ते ३० जून या वर्षात घडलेले असावे, आणि शाळेचे मुख्याध्यापक, पंचायत वा जिल्हा परिषदेचे प्रमुख, राज्य बालकल्याण परिषद, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांपैकी दोघांची शिफारस असावी, असे नियम झाले. पदक, प्रमाणपत्र, रोख रक्कम आणि शिक्षण पुरे होईपर्यंत साह्य असे पुरस्काराचे स्वरूप ठरले. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात ही मुले एके काळी सजविलेल्या हत्तींवरून व पुढे उघड्या जीपगाड्यांतून जात, तेव्हा राजपथाच्या दोन्ही बाजूंचे लोक तोफा-रणगाड्यांपेक्षा त्यांनाच अधिक टाळ्या देत. २०१८ पर्यंत नऊशेहून अधिक मुलांस हा मान मिळाला. त्यांत मुलींची संख्या मुलग्यांच्या निम्म्याहूनही कमी भरते. मुली कमी धीट असतात, असा याचा अर्थ आम्ही लावीत नाही. पोहणे, झाडावर चढणे, एकटीने रानात वा नदीवर जाणे या गोष्टी आपण मुलींस कितपत शिकवितो व करू देतो, याचे ते गणित असावे.

दरम्यान १९६१ साली सरकारने जीवनरक्षा पदकांची स्वतंत्र मालिका सुरू केली. सर्वोत्तम जीवनरक्षा पदक, उत्तम जीवनरक्षा पदक आणि जीवनरक्षा पदक अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. बुडणे, आग, दरड कोसळणे, विजेचा धक्का, खाणीतील अपघात, श्वापदाचा हल्ला अशा संकटांतून जीव वाचविणाऱ्या कोणत्याही वयाच्या स्त्री-पुरुषास ही पदके मिळू शकतात. रणांगणावरील शौर्याच्या शेजारी राष्ट्राने प्राणरक्षणास दिलेले हे स्थान होय.

बालशौर्य पुरस्कारांत पुढे काही नावे जोडली गेली, आणि प्रत्येक नावामागे एक करुण कथा आहे. २६ ऑगस्ट १९७८ रोजी दिल्लीत गीता आणि संजय चोप्रा ही भावंडे आकाशवाणीच्या कार्यक्रमास निघाली असता त्यांचे अपहरण झाले आणि दोघांची हत्या करण्यात आली. गीता सोळा वर्षांची, संजय चौदाचा. त्यांनी अखेरपर्यंत झुंज दिली, हे उघडकीस आले. मारेकऱ्यांना १९८२ साली फाशी झाली. मुलांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले. आणि बालकल्याण परिषदेने १९७८ पासूनच त्यांच्या नावे दोन पुरस्कार ठेविले. १९८७ साली ‘भारत पुरस्कार’ आणि १९८८ साली ‘बापू गायधनी पुरस्कार’ यांची त्यांत भर पडली. यांतील शेवटचे नाव आपल्या मराठी मुलुखातील आहे. नाशिकजवळच्या पळसे गावचा हा मुलगा आगीत सापडलेले जीव वाचविताना स्वतः प्राणास मुकला. गोदावरीच्या खोऱ्यातील एका खेड्याचे नाव या निमित्ताने साऱ्या देशाच्या कानी गेले, ही आपणां सर्वांस अभिमानाची आणि तितकीच विषादाची गोष्ट आहे.

गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेत मोठा बदल झाला. बालकल्याण परिषदेच्या आर्थिक कारभाराविषयी आक्षेप निघाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेले आणि केंद्र सरकारने परिषदेच्या पुरस्कारांपासून स्वतःस अलग केले. त्या आक्षेपांच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. परिणाम एवढाच, की २०१९ च्या संचलनात परिषदेने निवडलेली मुले दिसली नाहीत. सरकारने आपल्या मुलांसाठीच्या पुरस्कारांची ‘प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार’ या नावाने नवी रचना केली. त्यात शौर्याबरोबरच समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला व संस्कृती, विज्ञान असे विभाग आहेत. २०२२ पासून २६ डिसेंबर हा दिवस गुरू गोविंदसिंगांचे धाकटे पुत्र जोरावरसिंग व फतेहसिंग यांच्या स्मृत्यर्थ ‘वीर बाल दिवस’ म्हणून पाळला जातो, आणि २०२४ साली त्याच दिवशी राष्ट्रपतींनी सतरा बालकांस हे पुरस्कार प्रदान केले.

या बदलाविषयी आमचे एक नम्र मत आहे. बुद्धिबळात वा गायनात नैपुण्य मिळविणाऱ्या मुलाचा गौरव अवश्य व्हावा. परंतु नैपुण्यामागे अनेक वर्षांची तयारी, गुरूचे मार्गदर्शन व आईबापांचा खर्च असतो. विहिरीत पडलेल्या पोरास काढावयास उडी घेणाऱ्या गुराख्याच्या मुलापाशी यांतले काहीच नसते, आणि त्याने आपले नाव कोठे पाठवावयाचे हेही त्यास ठाऊक नसते. दोन्ही एकाच यादीत बसविल्यास अर्ज करण्याचे ज्यांना ठाऊक, त्यांचेच नाव पुढे येण्याचा संभव अधिक. शौर्याचा शोध घ्यावा लागतो. ते आपण होऊन दारी येत नाही. म्हणून शौर्यासाठी वेगळी, शोध घेणारी यंत्रणा असावी, असे आम्हांस वाटते.

दोन आक्षेप

या पुरस्कारांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की पदकाच्या लोभाने मुले साहसास प्रवृत्त होतील व नाहक जीव गमावतील. यात फारसे तथ्य नाही. बुडणाऱ्या भावाची किंकाळी ऐकणारे मूल दिल्लीच्या पदकाचा विचार करीत उभे राहत नाही. पण यातून घेण्यासारखा बोध असा, की गौरव करताना केवळ उडी घेण्याची वाखाणणी न करता युक्तीचीही करावी. पोहता न येणाऱ्याने काठावरून दोर, काठी वा धोतराचे टोक फेकून माणूस ओढला, तर त्याचे कृत्य उडी घेणाऱ्याहून कमी नव्हे. हरिश्चंद्र मेहराने आगीशी झटापट केली नाही. आगीस पुढे जावयास जे कापड लागत होते तेच त्याने तोडले.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. बालवीराच्या कौतुकात मूळ प्रमाद झाकला जातो. रामलीलेच्या शामियान्यातील तारा कोणी, कशा टाकल्या होत्या? इंग्लंडातील एका प्रसिद्ध निकालाची येथे आठवण होते. रस्त्यात सोडून दिलेल्या गाडीचे घोडे उधळले आणि मुलाबाळांच्या अंगावर जाऊ लागले, तेव्हा एका पोलिसाने धावत जाऊन ते अडविले व तो जखमी झाला. गाडीच्या मालकाचे म्हणणे, की पोलिसाने तो धोका आपखुशीने पत्करला. १९३५ साली न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. ज्याच्या हयगयीने संकट उद्भवले त्यास, वाचविण्यास कोणीतरी धावून येईल हे दिसावयास हवे होते; म्हणून धावणाऱ्याच्या जखमांचेही दायित्व त्याच्यावरच, असा तो निर्णय होता. हेच माप लावल्यास बालवीराच्या भाजलेल्या हातांचे ऋण तारा टाकणाऱ्याच्या व मंडप उभारणाऱ्याच्या खात्यावर पडते.

आणि प्रत्येक मंडपात चाकू घेतलेला बालवीर असतोच असे नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या स्नेहसंमेलनात मंडपास आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत बहुसंख्य मुले आणि त्यांच्या माता होत्या. भरपाईविषयी उच्च न्यायालयाचा निर्णय व्हावयास २००९ साल उजाडले. १० एप्रिल २०१६ रोजी केरळातील पुट्टिंगल देवळाच्या उत्सवात दारूकामाचा स्फोट होऊन शंभराहून अधिक भाविक दगावले. साताऱ्याच्या मांढरदेवीस २५ जानेवारी २००५ रोजी काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. आणि आपल्या गोव्यात शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरीत भाविकांचे प्राण गेले, ती जखम तर अजून ओली आहे. देवाच्या दारी येणारा मनुष्य निर्धास्त असतो. त्याचा हा विश्वासच आपणांवरील जबाबदारी वाढवितो.

महाभारताच्या आदिपर्वात, एकचक्रा नगरीतील त्या ब्राह्मणाच्या घरचा प्रसंग वाचकांस आठवत असेल. बकासुराकडे बळी म्हणून कोणी जावयाचे यावर पती, पत्नी व कन्या एकमेकांस मागे सारीत रडत असतात. तेव्हा त्यांचा बोबडे बोलणारा लहानगा हाती गवताची काडी घेऊन म्हणतो, की हिने मी त्या राक्षसास मारीन. त्या दुःखातही सर्वांस क्षणभर हसू येते. पण व्यासांनी पुढे काय लिहिले ते पाहावे. त्या बालकास कोणी बकासुराकडे पाठविले नाही. दाराआडून ते सर्व ऐकणारी कुंती आत आली आणि तिने आपल्या समर्थ पुत्रास, भीमास, पाठविले. बालकाच्या धैर्याचे कौतुक जरूर करावे. परंतु राक्षसाचा समाचार घ्यावयाचा तो मोठ्यांनी.

काय करता येईल

पदक मिळाल्यानंतर काय, हाही विचार व्हावयास पाहिजे. काही वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, अशी मुले मोठेपणी मोलमजुरी करताना आढळली, अशा वार्ता वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. दिल्लीहून मिळालेले पदक ट्रंकेत राहते आणि शाळा सुटते. कार्नेगीने १९०४ साली ओळखलेली गोष्ट आपण अद्याप पुरती ओळखलेली नाही.

हे सर्व दिल्लीवर सोपवून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आपली देवस्थाने हे गावाचे खरे केंद्र होय. गोव्यात बहुतेक मोठ्या देवळांपुढे तळी आहेत. बेळगावपासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत जेथे जेथे मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या राहिला, तेथे घाट, विहिरी व उत्सवाचे मंडप आहेतच. देवस्थानच्या महाजनांनी व विश्वस्तांनी ठरविल्यास पुष्कळ होण्यासारखे आहे. तळीच्या पायरीशी एक मजबूत दोर आणि तरंगणारे कडे टांगून ठेवावे. जत्रेच्या माटवास बाहेर पडण्याच्या वाटा किती आणि विजेच्या तारांची तपासणी कोणी केली, याचा लेखी अहवाल उत्सवापूर्वी समितीपुढे यावा. उन्हाळ्याच्या सुटीत गावच्या मुलांस, आणि मुलींसही, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहावयास शिकवावे. पंचक्रोशीत कोण्या मुलाने जीव वाचविला असेल तर मुख्याध्यापकाकडे व जिल्हाधिकाऱ्याकडे जाऊन त्याची शिफारस देवस्थानने करवून घ्यावी. त्या मुलाचे नाव दिल्लीस पोहोचो वा न पोहोचो, पालखीच्या दिवशी सर्वांसमक्ष त्यास श्रीफळ द्यावे. आणि शाळा पुरी होईपर्यंत त्याच्या पुस्तकांचा व फीचा भार देवस्थानच्या निधीतून उचलावा. यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

मेकॉलेच्या नदीकाठी उभ्या असलेल्या त्या परक्या माणसास कायदा आजही काही विचारणार नाही. पण बुडणाऱ्याचा माणुसकीवाचून दुसरा हक्क नसतानाही जे मूल पाण्यात उतरते, त्याने आपणां सर्वांच्या वतीने एक ऋण फेडलेले असते. त्या ऋणाची आठवण ठेवावयाची असेल, तर पुढच्या मुलास उडी घ्यावी लागू नये अशी तजवीज मोठ्यांनी करावी, आणि ज्यास ती घ्यावी लागली त्यास आयुष्यभर अंतर देऊ नये, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.